पाणी बंद

सूड हा शब्द आमच्या घरात कुणी कधी मोठ्याने उच्चारल्याचं मला आठवत नाही. अण्णा विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि कुणाशी वाद व्हायची वेळ आली की चष्मा पुसायला घ्यायचे. आईचं म्हणणं असं की, ज्याचं त्याला देव बघून घेतो. अशा घरात माझ्यासारखी मुलगी कुठून आली, असं आई हसत म्हणायची, कारण चार वर्षांची असताना मला चावलेल्या मुंगळ्यांचं वारूळ मी दुसऱ्या दिवशी जाऊन बुजवलं होतं. पण खरा सूड म्हणजे काय ते मला सतराव्या वर्षी कळलं. तो मी घेतला, आणि आज गुडघे बदलून झाले, केस पांढरे झाले तरी त्याचा पश्चात्ताप झालेला नाही. एक गोष्ट सोडून. ती शेवटी सांगते.

चंडीगढला विद्यापीठाच्या क्वार्टरमध्ये आमच्या दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात पेरूचं झाड. उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीत घर बुडालेलं असायचं आणि खसाचा, म्हणजे वाळ्याचा, ओला वास उशांना लागायचा. आई कराडहून येणारं मेतकूट डब्याच्या तळाशी उरेपर्यंत पुरवून वापरायची. भिंतीपलीकडे बीजी राहायच्या, अण्णांच्या सरदार सहकाऱ्याची आई. त्यांची कढी भिंतीवरून यायची, आमची पुरणपोळी भिंतीवरून जायची. त्यांना मराठी येत नव्हतं, आईला पंजाबी येत नव्हतं, आणि दोघी तासन्‌तास बोलायच्या. या आवाजांत त्या वर्षी आणखी एका आवाजाची भर पडली होती. मी सोळा वर्षांची असताना आईला मुलगा झाला. मला आधी फार लाज वाटली. मैत्रिणींना कसं सांगायचं? मग तो घरी आला, त्याने माझं बोट धरलं आणि लाज कुठल्या कुठे गेली. त्याचं नाव निनाद ठेवलं. मी त्याला निन्या म्हणायचे. सात महिन्यांचा झाला तेव्हा तो पालथा पडून पुढे सरकायला लागला होता, आणि मेतकूट-भाताचं बोट चाटवलं की दोन्ही पाय आपटायचा.

बाहेर ते दिवस वाईट होते, पंजाबात दहशतवाद पेटलेला. चौकाचौकांत वाळूची पोती, पोत्यांमागे बंदुका. जवान बस थांबवून सगळ्यांना खाली उतरवायचे. वर्तमानपत्र आलं की अण्णा पहिलं पान आतल्या बाजूला दुमडून ठेवत. बीजींच्या घरी कुणी दार वाजवलं की आधी पडदा हलायचा, मग दार उघडायचं. माझी बारावीची परीक्षा एकदा पुढे गेली, पुन्हा पुढे गेली. आणि जूनच्या ऐन तापात शहरात कर्फ्यू लागला. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निन्याला जुलाब सुरू झाले.

दुपारपर्यंत लंगोट मोजायचे आम्ही सोडून दिले. बाहेर पडणं अशक्य होतं. अण्णांनी डॉक्टर सबनीसांना फोन लावला. सबनीस म्हणजे शहरातल्या सगळ्या मराठी माणसांचे डॉक्टर. लष्करातून निवृत्त होऊन इथेच राहिले होते आणि मनीमाजऱ्याच्या बाजारात त्यांचा दवाखाना होता. आम्ही सगळी मुलं त्यांना डॉक्टरकाका म्हणायचो. त्यांच्याकडे कर्फ्यूचा पास होता. ते रिकाम्या रस्त्यांवरून गाडी घेऊन आमच्यासाठी आले याचं आईला एवढं अप्रूप वाटलं की ती दारातच रडली.

त्यांनी निन्याचं पोट दाबून पाहिलं, जुलाब थांबवणारे थेंब दिले आणि म्हणाले, "दूध बंद, पाणी बंद. आतड्यांना पूर्ण विश्रांती. वरून घालत राहिलात तर खालून जातच राहणार. वहिनी, तुमचं मन कच्चं आहे, म्हणून हे काम मी वृंदाकडे देतो. वृंदे, तू हुशार मुलगी आहेस. कुणालाही याला थेंबभर पाणी देऊ द्यायचं नाही. पक्कं?"

मी म्हटलं, "पक्कं, डॉक्टरकाका."

ते दोन दिवस मी कितीही वेळा लिहायला घेतले तरी हात अडतो. निन्या आधी रडला. मग रडताना डोळ्यांतून पाणी येईनासं झालं. माझ्या हातात पेला दिसला की तो दोन्ही हात पुढे करायचा, म्हणून मी पाणी प्यायला मोरीत जायला लागले. आई त्याचे ओठ ओल्या फडक्याने पुसायची, तो ते फडकं चोखायला बघायचा, आणि मी फडकं ओढून घ्यायचे. बीजी भिंतीवरून वाकून म्हणाल्या, "पुत्तर, चौलां दी पिच्छ दे इसनूं. थोडी थोडी. मुंडा सुकदा जांदा ए." पिच्छ म्हणजे भाताची पेज. त्यांनी वाटीही आणली होती. मी भिंतीपाशी गेले आणि ती वाटी परत केली. त्यांना म्हटलं, "बीजी, डॉक्टर ने मना किया है." पुस्तकं शिकलेली मुलगी होते मी. निरक्षर म्हातारीचं काय ऐकायचं!

तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले. आम्हाला वाटलं, उतार पडला. सकाळी कर्फ्यूला दोन तासांची ढील मिळाली तेव्हा अण्णांनी स्कूटर काढली आणि आम्ही त्याला मोठ्या हॉस्पिटलात नेलं, केवळ खात्री करून घ्यायला. मुलांच्या वॉर्डात सिस्टर अन्नम्मा होत्या, केरळच्या, ठेंगण्या, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेल्या. त्यांनी निन्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. त्यांनी वर पाहिलं आणि विचारलं, "पानी किसने बंद किया?"

त्यांनी सुईसाठी शीर शोधली, हातात, पायात, डोक्यात. डॉक्टर धावत आले. बाराच्या आधी सगळं संपलं.

डॉक्टर सबनीस भेटायला आले. अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आपल्या हातात जे होतं ते सगळं आपण केलं. पुढे ईश्वरेच्छा." आईने डोळे पुसले आणि त्यांच्यासाठी चहा टाकला. एवढ्या कर्फ्यूत ते आले होते, त्यांचे उपकार कसे फिटायचे, असं ती पुढचा महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. मी मात्र सिस्टरच्या प्रश्नाशी अडकून पडले होते. शेवटी एका दुपारी सायकल काढली आणि एकटीच त्या वॉर्डात गेले. सिस्टर एका बाईला पाणी करायला शिकवत होत्या. उकळून गार केलेल्या पाण्याच्या एका पेल्यात चमचाभर साखर आणि चिमूटभर मीठ. "टेस्ट करो. आँसू से ज़्यादा नमकीन नहीं होना चाहिए." ती बाई गेल्यावर मी विचारलं, "माझा भाऊ यानं वाचला असता?"

त्या म्हणाल्या, "बेटा, घर जाओ."

"मला फक्त हो की नाही सांगा."

त्यांनी हातातला चमचा पुसला, खाली ठेवला, आणि म्हणाल्या, "हाँ."

एवढंच. त्या एका अक्षराने मला जे झालं त्याला दुःख म्हणत नाहीत. मी सायकलवरून घरी येईपर्यंत माझं सगळं ठरलं होतं.

शाळेत मी पंजाबी शिकले होते, माझं गुरमुखी अक्षर वर्गात सर्वांत वळणदार. त्या दिवसांत लोकांना अतिरेक्यांच्या निनावी चिठ्ठ्या यायच्या: अमुक दिवसांत शहर सोड, नाहीतर. चिठ्ठी आली की माणसं घरदार टाकून दिल्लीला निघून जायची, कुणी लिहिली याची चौकशी करत बसायची नाहीत. मी तशी चिठ्ठी लिहिली. तीनदा लिहिली, कारण पहिल्या दोन फार सभ्य झाल्या होत्या. सबनीसांनी रात्रंदिवस घाबरावं, पडदा हलवून बाहेर बघावं, घसा कोरडा पडावा आणि कुणी पाणी देऊ नये असं मला वाटत होतं. ही चिठ्ठी पोलिसांच्या हातात पडली तर ते कुणा सरदार पोराला, कदाचित बीजींच्याच नातवाला, उचलून नेतील हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं असं मी आज म्हणू शकते. पण ते खोटं होईल. आलं होतं. तरी मी चिठ्ठी पाकिटात घातली.

पोस्टात टाकायचा धीर झाला नाही, म्हणून ती दवाखान्यातच ठेवून यायची असं ठरवून मी मनीमाजऱ्याला गेले. बाहेरच्या खोलीत बाकं भरलेली. कंपाउंडरच्या टेबलावर कागदांचा ढीग होता, त्यात पाकीट सरकवायला क्षणही लागला नसता. मी बाकावर टेकले. शेजारी एक बाई मांडीवर पोर घेऊन बसली होती. मूर्ती नाव तिचं, मागच्याच गल्लीत राहणारी. पोर रडत नव्हतं. टाळू खाली गेलेली, डोळे अर्धे उघडे. मी तिला विचारलं, "पानी दे रही हो?"

"कहाँ जी. परसों से बंद है. डॉक्टर साब ने मना किया है."

मी हात पुढे केला आणि पोराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती उभी राहिली.

पुढचं मी विचार करून केलं नाही. मूर्तीला दंडाला धरून उठवलं आणि समोरच्या चहाच्या टपरीवर नेलं. टपरीवाल्या सरदारजींकडून उकळलेलं पाणी, साखर, मीठ मागितलं. ते काही न विचारता बशीत पाणी ओतून वारा घालायला लागले. मी चव घेतली. आसवांइतकंच खारट. चमच्याने एक थेंब, मग दुसरा. पोराने ओकून टाकलं. मूर्ती घाबरून उठायला लागली, मी तिला खाली दाबलं. सिस्टरने त्या बाईला सांगितलेलं आठवत होतं: ओकलं तर दहा मिनिटं थांबा, पुन्हा सुरू करा. आम्ही थांबलो, पुन्हा सुरू केलं. "और छाती से लगा इसे," मी म्हटलं. दोन तास झाले असतील. पोराने आधी जीभ बाहेर काढली, मग चमचा हिरड्यांत धरून ठेवला. आणि मग माझ्या कुडत्यावर ऊन ऊन मुतलं.

मूर्ती ओरडली, "मूत दिया! मूत दिया!" टपरीवरची माणसं हसायला लागली. नेमके त्याच वेळी डॉक्टर सबनीस जेवायला घरी जायला बाहेर पडले. मूर्ती त्यांना ओरडून म्हणाली, "देखो जी, इस लड़की ने पानी पिलाया, मेरा काका बच गया!" तिकडे तान्ह्या मुलाला काका म्हणतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. ओळख पटली, तेव्हा मी हसले. आयुष्यात मी इतक्या दुष्टपणे कधी हसले नसेन. चिठ्ठीचे तुकडे करून मी गटारात टाकले आणि मूर्तीला रिक्षाने सिस्टर अन्नम्माकडे घेऊन गेले. रिक्षात बसल्या बसल्या मला कळलं की, याच्यापुढे चिठ्ठी म्हणजे काहीच नव्हती. सबनीस शहर सोडून गेला असता तर जिथे गेला असता तिथे डॉक्टरकाकाच राहिला असता.

दुसऱ्या दिवसापासून मी त्या टपरीच्या बाकावर बसायला लागले. सकाळी दवाखाना उघडताना जायचे, दुपारी बंद झाला की परत. पिशवीत साखरेची पुडी, मिठाची पुडी, पेला, चमचा. बाई तान्हं घेऊन बाहेर आली की उठायचं आणि विचारायचं, "पानी बंद बोला?" हो म्हणाली की टपरीवर आणून पाणी करायला शिकवायचं. जिचं पोर फार सुकलेलं दिसे तिला हॉस्पिटलात पाठवायचं, सिस्टरचं नाव सांगून. एकदा चौकातल्या जवानाने माझी पिशवी उलटी केली. दोन पांढऱ्या पुड्या बघून त्याचा चेहरा बदलला. बंदूक रोखून म्हणाला, "खा." मी मीठ खाल्लं, मग साखर खाल्ली. कशासाठी आहे ते सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, त्याच्या गावी त्याची दोन पोरं अशीच गेली. मग त्याने माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, किती साखर, किती मीठ.

हल्ली सत्काराच्या वेळी माझी ओळख करून देताना सेवाभाव, करुणा, मातृहृदय असे शब्द वापरतात. पुढे मी हेच काम जन्मभर केलं, आपल्या देशात केलं, बाहेरच्या देशांतही केलं, आणि ज्या ज्या झोपडीत गेले तिथे तेच सुकलेलं पोर आणि तीच "बंद करा" म्हणणारी कुणी ना कुणी शहाणी व्यक्ती भेटली. व्यासपीठावर मी मान खाली घालून ते शब्द ऐकते. पण त्या बाकावर मी पोरं वाचवायला बसले नव्हते. मी एका माणसाचा मान त्याच्या डोळ्यांदेखत उतरवायला बसले होते. पोरं वाचत होती, ते माझं हत्यार होतं. रोज एक बाई त्याच्या दारातून बाहेर येऊन माझ्याकडे वळायची, तो खिडकीतून बघायचा, आणि मला जेवल्यासारखं वाटायचं.

मराठी मंडळींत बोभाटा झाला. कुणी अण्णांना येऊन सांगितलं, मुलगी वेडी झालीय, तिला गावी पाठवा. अण्णांनी चष्मा पुसला. मी वाट बघत होते की ते रागावतील. ते दुसऱ्या दिवशी पहाटे उठले, माझ्या सायकलीत हवा भरली आणि फिरायला निघून गेले.

तीनेक आठवड्यांनी सबनीस स्वतः रस्ता ओलांडून टपरीवर आले. घामेजलेले, शर्टाचं वरचं बटण उघडं. म्हणाले, "किती दिवस बसणार आहेस?"

"तुम्ही पाणी बंद करताय तोवर."

"मी चाळीस वर्षं प्रॅक्टिस करतोय. आम्हाला असंच शिकवलं होतं, वृंदा."

"मोठ्या हॉस्पिटलात आता वेगळं शिकवतात. सायकलने अर्धा तास लागतो. तुमच्याकडे तर गाडी आहे."

त्यांचे ओठ हलले. "तुला काय वाटतं, मला निनादचं वाईट वाटलं नसेल?"

"त्याचं नाव घेऊ नका," मी म्हटलं. टपरीवाल्या सरदारजींनी स्टोव्ह बारीक केला. सबनीस वळले आणि परत गेले. पाठमोरे ते एकदम म्हातारे दिसले. मला बरं वाटलं. आजही ते आठवलं की बरंच वाटतं, खोटं कशाला बोलू.

पावसाळा सरत आला होता. एके दिवशी एक तरुण बाई पोराला खांद्यावर टाकून दवाखान्यातून बाहेर पडली. मी सवयीने उठले. मी तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली, "पता है, पता है. चीनी-नमक का पानी देना है, दूध बंद नहीं करना. डॉक्टर साब ने लिख के दिया है." तिने चिठ्ठी दाखवली. सबनीसांचं तिरकं अक्षर मला चांगलं ओळखीचं होतं. तिच्यानंतर दुसरी आली, तिच्याकडेही तेच. मी परत बाकावर बसले. मी जिंकले होते. सरदारजींनी चहा पुढे ठेवला तो गार झाला. इतके दिवस ज्याला धरून उभी होते ते कुणीतरी हातातून काढून घेतल्यासारखं झालं, आणि निन्या गेल्यानंतर पहिल्यांदा मी रडले, भर बाजारात, तोंडावर ओढणी घेऊन.

घरी आले तेव्हा आई अंगणात तांदूळ निवडत होती. इतके दिवस तिने मला एका शब्दाने काही विचारलं नव्हतं. जाताना पोळीचा डबा द्यायची, आले की घासायला घ्यायची. मी तिच्यासमोर बसले आणि फुशारकीने म्हटलं, "आई, सबनीसांनी मान्य केलं. आता ते स्वतः चिठ्ठीवर लिहून देतात. पाणी द्या, दूध पाजा. मी स्वतः पाहिलं."

आईचा हात ताटात थांबला.

"म्हणजे," ती म्हणाली, "वाचला असता?"

मी काय केलं ते मला तेव्हा उमगलं. माझी सगळी लढाई सबनीसांशी होती. आई कशाच्या आधारावर उभी होती याचा मी विचारच केला नव्हता. ईश्वरेच्छा म्हणून तिने चहा टाकला होता, उपकार मानले होते, रोज देवापुढे दिवा लावला होता. मी तो आधार काढून घेतला. सुडाचा मला पश्चात्ताप नाही असं सुरुवातीला म्हटलं, त्यातली सोडलेली गोष्ट ती ही. आईने तांदूळ निवडून संपवले, भात केला, सगळ्यांना वाढला. संध्याकाळी देवापाशी दिवा लागला नाही. त्यानंतर त्या घरात तो कधीच लागला नाही.

गणपतीच्या दिवसांत सबनीस पती-पत्नी आले. हातात प्रसादाचं ताट. अण्णा पुढे व्हायला लागले, पण आई त्यांच्या आधी दाराशी पोचली आणि उंबऱ्यातच उभी राहिली. बाजूला झाली नाही. डॉक्टरीणबाईंनी ताट पुढे केलं, आईने हात पुढे केला नाही.

सबनीस म्हणाले, "वहिनी, मी चुकलो. तेच सांगायला आलोय."

आईचा आवाज अगदी साधा होता, भाजीवाल्याशी बोलावा तसा.

"डॉक्टर, तीन दिवस मला दूध दाटून येत होतं. पदर भिजायचा. पोराला वास यायचा, तो चेहरा वळवून शोधायचा. मी मोरीत जाऊन ते पिळून टाकत होते. तुम्ही सांगितलं होतं म्हणून."

हे मला माहीत नव्हतं. अण्णांनाही नव्हतं. मी पाणी प्यायला त्याच मोरीत जात होते, आणि मला काही कळलं नव्हतं.

सबनीसांनी हात जोडले. आईने ते जोडलेले हात नीट पाहिले, वेळ घेऊन पाहिले. आणि मग दार लावून घेतलं, आवाज न करता, आतून कडी घालून.